गळती : नीरा डाव्या कालव्याची आणि एमआयडीसीतल्या हवेची

वीजदर वाढला की आपल्याकडं दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे उद्योजकांची बैठक, दुसरी म्हणजे निवेदन. दोन्ही व्हायलाच पाहिजेत, माझं काही म्हणणं नाही. महाराष्ट्रातला औद्योगिक वीजदर शेजारच्या राज्यांच्या तुलनेत जड आहे आणि जॉबवर्क करणाऱ्या लहान युनिटचं त्यात कंबरडं मोडतं, हे मी रोज बघतो. पण बैठकीहून परत येऊन शेडचं शटर उघडलं की आत एक बारीक आवाज चालू असतो. सुस्स्स. मशिन बंद, माणसं जेवायला गेलेली, तरी तो चालूच. त्या आवाजाबद्दल आजवर एकही निवेदन निघालेलं नाही.

मी बारामती एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलं. आता लहान शेडवाल्यांकडं बोलावलं की जातो. त्यामुळं हे लिहायचा मला थोडा अधिकार आहे असं समजा. पण आज नुसतं टेक्निकल सांगत नाही, इतिहास सांगतो. गळती या विषयात आपल्या बारामती-इंदापूरइतका जुना अनुभव क्वचितच कुणाकडं असेल. आपण ती पाण्यात शिकलो आणि हवेत विसरलो.

१८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा नदीवर कालव्याचं काम हाती घेतलं. वर भाटघरला धरण, खाली वीरला बंधारा, आणि तिथून पुरंदर, बारामती, इंदापूर असा शंभर मैलांच्या आसपास डावा कालवा. १८८५ च्या सुमारास पाणी सुटायला लागलं. सुरुवातीला शेतकरी पाणी घ्यायलाच तयार नव्हता. पाऊस पडला तर पाणीपट्टी कशाला भरायची, हा साधा हिशोब. मग सासवडकडचे माळी बागाईतदार खाली आले, ऊस लागला, गूळ निघाला आणि पाण्याची मागणी अशी वाढली की कालव्याचं चित्रच पालटलं.

आणि मग गळती दिसायला लागली. मातीचा कालवा, काळी जमीन, ऊसाला भरमसाट पाणी. कालव्याकडेच्या जमिनी पाणथळ झाल्या, चोपण झाल्या, वर पांढरा खार फुटला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी (होय, तेच, पुढं म्हैसूरचे दिवाण झालेले) दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली आणि ती नीरा कालव्यावर राबवली गेली. ठरावीक ब्लॉक, ठरावीक पीक, ठरावीक पाळी. पुढं पाणी मोजून विकायचेही प्रयत्न याच कालव्यावर झाले. मोजणारी यंत्रं बसवून बघितली. ते काही टिकलं नाही. आकारणी एकरावर आणि पिकावरच राहिली. पण पाणी मोजायला पाहिजे, त्यातलं मुरतं किती आणि रानात पोचतं किती हे कळायला पाहिजे, हा विचार आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला. साधा पाटकरीसुद्धा तुम्हाला सांगेल की वर सोडलेलं पाणी आणि टेलला पोचलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक गंमत बघा. अलीकडं कालव्याच्या अस्तरीकरणाचा विषय निघाला तेव्हा आपल्याच शेतकऱ्यांनी विरोध केला. का, तर कालवा झिरपतो म्हणून विहिरीला पाणी आहे. अस्तर टाकलं तर विहिरी कोरड्या पडतील. म्हणजे पाण्याच्या गळतीला मालक आहेत. ती कुणाच्या तरी विहिरीत जाते, कुणाचं तरी रान भिजवते. बंद करायला निघालं की माणसं रस्त्यावर येतात. चूक की बरोबर हा वाद इथं नको, त्यावर स्वतंत्र पोस्ट लागेल. माझा मुद्दा एवढाच की त्या गळतीबद्दल लोक बोलतात, कारण त्यात कुणाचं तरी काहीतरी आहे.

हवेच्या गळतीत कुणाचंच काही नाही. ती शेडच्या छपराखाली मिसळून जाते, झालं.

आता हवेकडं येतो.

दाबलेली हवा कामाला लावायची ही कल्पना मोठ्या प्रमाणावर जमली ती आल्प्स पर्वतात. फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये फ्रेजूसचा बोगदा, सुमारे साडेतेरा किलोमीटर. काम १८५७ ला सुरू झालं. जेर्मां सोमेये नावाच्या इंजिनिअरनं पाण्याच्या जोरावर हवा दाबून ती पाइपमधून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर खडक फोडणारी ड्रिल चालवली. वाफेचं इंजिन बोगद्यात नेलं तर माणसं धुरानं गुदमरणार. हवा मात्र काम करून झाल्यावर उलट श्वासाला उपयोगी पडते. १८७० च्या डिसेंबरात दोन्ही बाजू एकमेकांना मिळाल्या. १८७१ ला बोगदा सुरू झाला, पण त्याआधी काही आठवडे सोमेये वारला होता.

नेमक्या त्याच काळात आपल्या बोरघाटात काय चाललं होतं? १८५६ ते १८६३, पंचवीस बोगदे. छिन्नी, घण आणि काळी दारू. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर, आणि पटकीनं मेलेल्यांची तर मोजदादच नीट नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत मेला आणि त्याच्या बायकोनं, अॅलिस ट्रेडवेलनं, कंत्राट पुढं चालवलं. तिकडं डोंगर हवेनं फोडत होते, इकडं हातानं. मजूर स्वस्त असला की यंत्र उशिरा येतं, हे तेव्हाही खरं होतं.

हवेचं आणखी एक वेड पॅरिसमध्ये निघालं. १८८० च्या आसपास तिथं शहरभर पाइप टाकून हवेच्या धक्क्यावर चालणारी घड्याळं बसवली. दर मिनिटाला मुख्य केंद्रातून हवेचा एक ठोका, की शहरभरचे काटे एक घर पुढं. नंतर त्याच जाळ्यावर छोटे कारखाने, लिफ्ट वगैरे चालायला लागलं. १९१० ला सेन नदीला पूर आला, केंद्रात पाणी शिरलं आणि शहरातली ती घड्याळं एकदम थांबली. हवेचं ते जाळं मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं, १९९० च्या दशकापर्यंत, चालू होतं. नळाला पाणी यावं तशी तिथं हवा येत होती, आणि ती पैसे मोजून विकत घ्यावी लागत होती. म्हणजे हवेची किंमत असते हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आपल्याकडं यंत्रयुग घेऊन आला तो वालचंदनगरचा कारखाना. सोलापूरचे वालचंद हिराचंद मूळचे रेल्वेचे कंत्राटदार. १९२० च्या दशकात बोरघाटातल्या नव्या बोगद्यांचं काम त्यांच्याच बांधकाम कंपनीनं केलं. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ, नीरा कालव्याच्या खालच्या अंगाला, त्यांनी पडीक जमिनी घेतल्या, ऊस लावला आणि १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा केला. कारखान्याच्या दुरुस्तीसाठी वर्कशॉप आलं. त्या वर्कशॉपमधून पुढं दुसऱ्यांच्या साखर कारखान्यांची मशिनरी बनायला लागली, सिमेंट प्लँट बनायला लागले, आणि शेवटी इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंगसुद्धा तिथून गेल्या. इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर हे घडलं. आपण याचा पुरेसा अभिमान बाळगत नाही असं मला वाटतं, पण ते जाऊ द्या.

साखर कारखाना हा मुळात वाफेचा कारखाना. बगॅस जाळायचा, वाफ करायची, टर्बाइन फिरवायचं. ज्यांनी भवानीनगरला, माळेगावला किंवा सोमेश्वरला गळीत हंगाम जवळून बघितलाय त्यांना माहीत आहे, वाफेची गळती लपत नाही. पांढरा फवारा दिसतो, अंगावर आली तर सोलून काढते. तेल गळलं तर खाली डाग पडतो, माणूस घसरून पडतो. रस गळला तर माश्या येतात. हवा मात्र दिसत नाही, तिला वास नाही, ती भाजत नाही, डाग पाडत नाही. आवाज येतो, तो गळिताच्या गोंगाटात ऐकू येत नाही. कारखान्यात सगळ्यात सभ्य गळती हवेची. म्हणूनच तिच्याकडं कुणी बघत नाही.

बाकी तालुक्यातल्या शेतकऱ्याला कॉम्प्रेसर पहिल्यांदा भेटला तो एमआयडीसीत नाही, विहिरीवर. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल करायची जी लाट आली तिच्यात ट्रॅक्टरवरचे कॉम्प्रेसर गावोगाव फिरायला लागले. विहिरीत जॅकहॅमर, वर ट्रॅक्टर, मध्ये रबरी होज. होल मारायचं, सुरुंग भरायचा, सगळ्यांनी लांब पळायचं. त्या कॉम्प्रेसरवाल्याचा हिशोब होलच्या फुटावर असायचा आणि डिझेल त्याच्या खिशातलं. होजला कुठं फट पडली तर हॅमरचा जोर कमी, होलला वेळ जास्त, डिझेल जास्त. तो माणूस लगेच काम थांबवून क्लँप आवळायचा. त्याला कुणी एनर्जी ऑडिट शिकवलं नव्हतं.

तोपर्यंत देशी कॉम्प्रेसर सहज मिळायला लागले होते, आणि तेही आपल्या जिल्ह्यातच बनलेले. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ ला निघाली, हडपसरला. अॅटलास कॉप्को १९६० ला भारतात आली, दापोडीला. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. पुढं बारामतीला वसाहत उभी राहिली, भारत फोर्ज आलं, पियाजिओची अॅपे रिक्षा इथून देशभर गेली, २०१२ पासून व्हेस्पाही इथंच बनायला लागली. डेअरी आली, चॉकलेट आलं, टेक्स्टाइल पार्क आलं. तिकडं भिगवणला कागद, लोणी देवकरला नवी वसाहत. आणि या मोठ्यांच्या मागं जॉबवर्क करणारी शेकडो लहान शेड. लेथ, व्हीएमसी, प्रेस, पेंट बूथ, पॅकिंग, जिथं बघाल तिथं हवा लागते. सीएनसीचा चक हवेवर, दरवाजा हवेवर, बर साफ करायला हवा, पेंटची गन हवेवर. आणि शिफ्ट सुटली की अंगावरची धूळ उडवायलाही हवा. (हे शेवटचं कृपा करून बंद करा. सात किलोची हवा कानात किंवा डोळ्यात गेली तर काय होतं ते डॉक्टरला विचारा. चेष्टेत कुणाच्या अंगाला नोझल लावून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत.)

आता खर्चाचं. सायकलचा पंप मारताना खालचा भाग गरम होतो, आठवतं? हवा दाबली की उष्णता तयार होते आणि कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा हिस्सा त्या उष्णतेतच जातो. शंभर युनिट वीज घातली तर प्रत्यक्ष हवेच्या टोकाला काम म्हणून हातात येतात दहा ते तीस. म्हणजे आपल्या शेडमध्ये विजेच्या मोटरपेक्षा, तेलाच्या हायड्रॉलिकपेक्षा, सगळ्यात महाग ताकद कुठली असेल तर ती हवेची. आणि आपण तिला फुकट समजतो, कारण ती आकाशातून येते.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोनं, म्हणजे बीईईनं, ऑडिटरसाठी जी पुस्तकं काढली आहेत त्यात लिहिलंय की कारखान्यात २० ते ३० टक्के हवा गळतीत जाऊ शकते. त्याच पुस्तकात भोकांचा हिशोब आहे. साधारण सात किलो दाबाला दीड मिलिमीटरच्या भोकातून पाऊण किलोवॅटच्या आसपास, तीन मिलिमीटरच्या भोकातून तीन किलोवॅट, सहा मिलिमीटरच्या भोकातून बारा किलोवॅट. भोक दुप्पट झालं की गळती चौपट, कारण क्षेत्रफळ चौपट. तीन मिलिमीटर म्हणजे किती, तर काडेपेटीतल्या काडीच्या गुलापेक्षा थोडं मोठं. कॉम्प्रेसर चोवीस तास चालू ठेवला तर त्या एका भोकातून वर्षाला सव्वीस हजार युनिटच्या घरात जातात. नऊ रुपये धरले तर दोन लाख चौतीस हजार. एका हेल्परचा वर्षाचा पगार.

मोजायचं कसं? हे इतकं सोपं आहे की न मोजण्याला कारण उरत नाही. सुट्टीच्या दिवशी जा. सगळी मशिन बंद, पण त्यांच्या हवेच्या लाइनचे वॉल्व्ह उघडेच ठेवा, नाहीतर मशिनच्या आतली गळती सापडणार नाही. कॉम्प्रेसर चालू करा, दाब भरू द्या. कुणी हवा वापरत नसेल तर कॉम्प्रेसर अनलोड होऊन तसाच राहायला पाहिजे. राहत नाही. थोड्या वेळानं परत लोड घेतो, परत अनलोड होतो. मोबाइलमधलं घड्याळ लावा. लोडचा वेळ आणि अनलोडचा वेळ, चार-पाच वेळा लिहून सरासरी काढा. लोडच्या वेळेला एकूण वेळेनं भागा. लोड दोन मिनिटं, अनलोड सहा मिनिटं, तर दोन भागिले आठ, म्हणजे २५ टक्के. तुमच्या कॉम्प्रेसरची चौथाई ताकद कुणाच्याच कामाला येत नाही.

पन्नास एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर धरा. साधारण सव्वादोनशे सीएफएम हवा देतो. २५ टक्के म्हणजे पंचावन्न सीएफएमच्या आसपास, विजेत दहा किलोवॅट. दोन शिफ्ट, सोळा तास, तीनशे दिवस : ४८,००० युनिट. नऊ रुपयांनी ४ लाख ३२ हजार. बैठकीत आपण युनिटमागं पंचवीस-पन्नास पैशांसाठी भांडतो, तेव्हा हा आकडा कागदावर शेजारी लिहून ठेवा.

गॅरेजवाल्यांसाठी आणखी सोपं. टँक भरा, कॉम्प्रेसर बंद करा, लाइन चालू ठेवा आणि काटा बघा. पाचशे लिटरचा टँक दहा मिनिटांत सातवरून साडेतीनवर आला तर भरल्या दाबाला मिनिटाला दोनशे लिटरपेक्षा जास्त हवा जाते आहे असं समजा. पाच एचपीच्या कॉम्प्रेसरची जवळजवळ निम्मी कमाई. ज्यांचा कॉम्प्रेसर व्हीएफडीवर आहे त्यांना लोड-अनलोडचा हिशोब लागू पडत नाही, कारण तो गळतीपुरता हळू फिरत बसतो. त्यांनी सुट्टीच्या दिवशी डिस्प्लेवरचे किलोवॅट बघावेत. शून्य उत्पादनाला जेवढे किलोवॅट, तेवढी गळती.

गळती सापडते कुठं? मोठ्या जीआय पाइपात फार कमी. टोकाला. क्विक कपलरमध्ये, होज क्लँपखाली, एफआरएलच्या वाटीला, सिलिंडरच्या सीलला, टेफलॉन टेप न लावता हातानं आवळलेल्या निपलला, बंद पडलेल्या मशिनकडं जाणाऱ्या पण कधी बंद न केलेल्या लाइनला. आणि ड्रेन वॉल्व्हला. पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी येतं म्हणून कुणीतरी ड्रेन थोडासा उघडा ठेवतो, आणि तो दिवाळीपर्यंत तसाच राहतो. हे मी इतक्या शेडमध्ये बघितलंय की आत गेलो की आधी ड्रेनच बघतो. पैसे असतील तर अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घ्या. गळतीचा जो आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही तो चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास त्याला ऐकू येतो, चालू शेडमध्येसुद्धा. नसतील तर साबणाचं पाणी आणि ब्रश. बोटानं चाचपायला जाऊ नका आणि दाब असताना जोड सैल करू नका.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला पाहिजे, नाहीतर डिटेक्टर विकणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय. गळती बंद केली म्हणजे बिल आपोआप तेवढंच उतरतं असं नाही. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडला असतानाही पाव ते तिसरा हिस्सा वीज खातोच. त्यामुळं गळती काढल्यावर पुढचं पाऊल टाकावं लागतं. दोन कॉम्प्रेसर असतील तर एक बंद होतो का बघा. आणि दाब उतरवा. इथं परत आपला कालवा आठवतो. टेलला पाणी पोचत नाही अशी ओरड झाली की वर जास्त सोडायचं, हा जुना उपाय. शेडमध्येही तेच होतं. शेवटच्या मशिनला दाब कमी पडतो, ऑपरेटर ओरडतो, मग सुपरवायझर कॉम्प्रेसरचा दाब सातावरून आठावर नेतो. मशिन चालतं, ऑपरेटर गप्प होतो. पण दाब वाढला की प्रत्येक भोकातून जास्त हवा जाते, आणि एका किलोमागं सहा ते दहा टक्के वीज जास्त लागते ती वेगळीच. गळतीमुळं दाब वाढवायचा आणि दाबामुळं गळती वाढवायची. काही वर्षांनी मालक म्हणतो, कॉम्प्रेसर पुरत नाही, नवीन घेऊ.

या सगळ्याला उलट उदाहरण दौंडला उभं आहे. मालगाडीचे ब्रेक हवेवर चालतात. पाइपमध्ये पाच किलो दाब असतो, तो उतरला की ब्रेक लागतात. त्यामुळं गाडी सुटायच्या आधी हवेची चाचणी होते, आणि ब्रेक पाइपचा दाब मिनिटाला पाव किलोपेक्षा जास्त उतरता कामा नये असा रेल्वेचा नियम आहे. पन्नास-साठ वाघिणी, प्रत्येक दोन वाघिणींमध्ये रबरी होजचा जोड, सगळं उन्हापावसात, आणि तरी पाव किलोची मर्यादा. आपल्या शेडमध्ये चार मशिन आणि दहा जोड असतात. मर्यादा किती? विचारून बघा, उत्तर येणार नाही. कारण रेल्वेत गळती झाली तर गाडी निघत नाही. आपल्याकडं गळती झाली तरी मशिन चालतं.

आपल्याकडं मशिन चालायचं थांबलं तो काळही येऊन गेला. २००५ ते २०१० च्या दरम्यानचं भारनियमन आठवा. दाभोळचा प्रकल्प २००१ ला बंद पडलेला, मागणी वाढलेली, वीज मंडळाचं २००५ ला विभाजन होऊन महावितरण झालेलं. मग महावितरणनं गळतीनुसार फीडरचे गट पाडले. ज्या फीडरवर गळती जास्त, वसुली कमी, तिथं अंधार जास्त. अन्यायाचं होतं असं अनेकांचं म्हणणं, आणि प्रामाणिक ग्राहकाच्या बाजूनं बघितलं तर होतंच. पण एक झालं. गळती हा शब्द पहिल्यांदा घराघरात पोचला, कारण तिची मोजणी झाली आणि तिचा परिणाम घड्याळावर दिसला.

त्या वर्षांत लहान शेड डिझेल जनरेटरवर चालायच्या. डिझेलवरचं युनिट लाइनच्या युनिटच्या दुप्पट-तिप्पट पडायचं. मी तेव्हा मालकांना स्वतः साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन लाइनवरून फिरताना बघितलंय. कॅन मोजून आणलेला असायचा ना. दुपारच्या सुट्टीत जनरेटर बंद, वॉल्व्ह बंद, संध्याकाळी परत तपासणी. पुढं २०१२ नंतर औद्योगिक भागात भारनियमन मागं पडलं, जनरेटरवर धूळ बसली आणि बाटल्याही कुठंतरी गेल्या. विहिरीवरचा कॉम्प्रेसरवाला आणि जनरेटरवाला मालक, दोघांनाही गळती दिसली ती खर्च रोज डोळ्यासमोर जळत होता म्हणून. विजेचं बिल महिन्यानं येतं, त्यात हवा वेगळी लिहिलेली नसते.

कायद्यानं काय केलं? ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, बीईई २००२ पासून. २०१२ पासून पॅट योजना आली. सिमेंट, पोलाद, कागद, कापड अशा मोठ्या वीजखाऊ कारखान्यांना लक्ष्य ठरवून दिलं : एवढी वीज वाचवा, वाचली तर प्रमाणपत्र विका, नाही वाचली तर विकत घ्या. योजना चांगली आहे. पण तिचं जाळं मोठ्या माशांसाठी विणलेलं. पन्नास एचपीचं शेड त्यात येत नाही. मोठ्या कंपनीत एनर्जी मॅनेजर असतो, गळतीचे टॅग लावतात, दर महिन्याला फेरी होते. त्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या शेडमध्ये मेंटेनन्स म्हणजे एक फिटर, तोच इलेक्ट्रिशियन, तोच कधी फोर्कलिफ्ट चालवणारा. तो बिघडलेलं दुरुस्त करतो. चालू असलेलं तपासायला त्याला वेळ कोण देणार? आणि गळती कुणाच्या खात्यात? प्रॉडक्शनवाला म्हणतो मेंटेनन्सची, मेंटेनन्सवाला म्हणतो मशिनवाल्याची, अकाउंटवाल्याला ती दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की हे एकेकट्या शेडवर सोडू नये. उद्योजकांच्या संघटनेनं वर्गणीतून एक चांगला अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घ्यावा आणि तो सभासदांना दिवसाच्या भाड्यानं द्यावा. आयटीआयच्या पोरांना दोन-दोनच्या जोडीनं सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये पाठवावं, जोडीमागं मानधन द्यावं. त्यांना शिकायला मिळेल, शेडवाल्याला यादी मिळेल. राज्याच्या महाऊर्जाकडं ऊर्जा तपासणीच्या योजना असतात, त्यांच्याकडं लहान युनिटचा गट करून जावं. एकट्यानं अर्ज करणं वेगळं आणि चाळीस शेडनी मिळून करणं वेगळं, हे सहकाराच्या तालुक्याला मी काय सांगणार. आणि वीजदराच्या निवेदनाला गळतीच्या मोजणीचे आकडे जोडावेत. आयोगासमोर सुनावणीत आमचं आम्ही एवढं वाचवलं आणि तरीही दर परवडत नाही, असं म्हणणारा माणूस जास्त वजनानं बोलतो.

काही जण म्हणतील, चार लाखांच्या गळतीनं काय होतं, कोट्यवधींची उलाढाल आहे. उलाढालीवर नका जाऊ. जॉबवर्कमध्ये पीसमागं सुटतात किती ते बघा. मोठी कंपनी दरवर्षी दर कमी करायला सांगते आणि शेडवाला तो कुठून काढतो? आधी ओव्हरटाइम जातो, मग एक माणूस कमी होतो. मी असे दोन फिटर घरी बसलेले बघितलेत, ज्यांच्या पगाराएवढी हवा त्याच शेडमधून रोज निघून जात होती. त्यांना काढायला एक मीटिंग पुरली. गळतीसाठी मीटिंग झाली नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढा. लोडची मिनिटं, अनलोडची मिनिटं आणि कॉम्प्रेसर किती एचपीचा, एवढंच इथं खाली लिहा. युनिटचं नाव नको. पन्नास शेडचे आकडे जमले तर तक्ता करून संघटनेकडं मी स्वतः घेऊन जातो.